ग्वादिक्स की सेतेनील? स्पेनमधली गुहेतली घरं बघायची तर कुठे जावं

दक्षिण स्पेनचा, म्हणजे अंदालुसियाचा प्लॅन करताना मालागा, ग्रानादा, सेविया सगळं बसवून एखाद-दोन दिवस उरतात आणि नेमका तेव्हाच तो फोटो समोर येतो, भल्यामोठ्या कातळाखाली दबून बसलेली पांढरी घरं, खाली टेबलं मांडलेली, आणि कोणीतरी लिहिलेलं असतं की गुहेत राहणारं गाव. तो फोटो सेतेनील दे लास बोदेगासचा. पण माणसं खरोखर जमिनीच्या पोटात राहतात ते गाव वेगळं, ग्वादिक्स. मी दोन्ही बघून आलेय. एका दिवसात दोन्ही उरकायच्या भानगडीत पडू नका, एक ग्रानादाच्या पूर्वेला आणि दुसरं पार रोंदा शहराकडे.

सेतेनीलला खोदकाम असं फारसं नाहीच. त्रेखो नदीने कातळ खालून खात नेला, वर छज्जासारखा भाग उरला, लोकांनी त्याखाली दर्शनी भिंत बांधली की झालं घर, छपराचा खर्च वाचला. ग्वादिक्सच्या टेकड्या मातीच्या, कुदळीने खणता येतील अशा, आणि खणलेला भाग हवा लागून घट्ट होतो. आपल्या डोक्यात गुहा म्हटलं की वेरूळचा काळा दगड येतो, तो इथे विसरा. घरात माणसं वाढली की मागे अजून एक खोली खणायची, असं चालत आलेलं. १४८९ मध्ये शहर ख्रिश्चन राजांच्या ताब्यात गेलं आणि पुढे शहराबाहेर ढकलल्या गेलेल्या मोरिस्को (मुसलमानांतून ख्रिश्चन झालेल्या) लोकांनी या वस्त्या वाढवल्या असं मानतात. आजही तिथे २०००च्या आसपास गुहाघरं आहेत, आणि बहुतेकांत नेहमीचा संसार चालू आहे, वीज, पाणी, वायफाय सगळं.

वरच्या पायवाटेने चालताना मला एकदम पायाशी पांढरं धुराडं दिसलं, शेजारी टीव्हीचा अँटेना, आणि धुराड्यातून लसणाच्या फोडणीचा वास, तेव्हा कळलं की आपण कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या डोक्यावर उभ्या आहोत. लाजल्यासारखं होऊन भराभर खाली उतरले. असलं काही सेतेनीलला होत नाही कारण तिथे सगळं समोरच मांडलेलं आहे. क्युएव्हास देल सोल ही उन्हातली गल्ली, तिथे बार ओळीने, आणि क्युएव्हास दे ला सोम्ब्रा ही सावलीतली, तिथे कातळ रस्त्यावरच छत धरतो. दुसरी गल्ली खरंच भारी आहे, मान वर करून चालता चालता माणूस माणसावर आपटतो. पण दोन-तीन तासांत गाव संपतं, आणि अकरानंतर टूरच्या बसेस आल्या की फोटोत तुमच्यापेक्षा दुसऱ्यांचीच डोकी जास्त. सकाळी नऊच्या आत पोचा. गाडी वरतीच लावा, गल्ल्यांत अजिबात घालू नका, आम्ही घातली आणि भाड्याच्या गाडीचा आरसा भिंतीला खरवडून घेतला, त्याचे पैसे भरताना जीव गेला.

गाडी नसेल तर मात्र विषयच संपला, ग्वादिक्स. ग्रानादाहून बसने साधारण तासाभरात पोचता. सेतेनीलला सार्वजनिक वाहनाने जाणं म्हणजे वेळापत्रकाशी कुस्ती.

राहायचं असेल तरीही ग्वादिक्सच. भाड्याने मिळणारी गुहाघरं आहेत, आत वर्षभर १८ ते २० डिग्रीच्या आसपास, बाहेर उन्हाळ्याची काहिली असो की हिवाळ्यात समोर सिएरा नेव्हादा डोंगरांवर बर्फ. खिडक्या फक्त पुढच्या बाजूला, त्यामुळे मागच्या खोलीत दिवा घालवला की हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही, मोबाईलची रेंजही तिथे पोचत नाही. मला आयुष्यात इतकी गाढ झोप लागली नव्हती, नवरा मात्र रात्री दोनदा उठून पुढच्या खोलीत जाऊन बसला. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी आधी विचार करा. आणि काळं जॅकेट भिंतीला टेकवू नका, चुना लागतो.

गुहांशिवायही ग्वादिक्सला दिवस जातो. मशिदीच्या जागी उभं राहिलेलं कॅथेड्रल आहे, १६व्या शतकात काम सुरू झालं ते १८व्या शतकापर्यंत चाललं, जवळच रोमन थिएटरचे अवशेष, आणि पाद्रे पोवेदा मिरादोरवरून (मिरादोर म्हणजे नजारा बघायची उंच जागा) संध्याकाळी सगळी धुराडी एकदम दिसतात. गाव मात्र थोडं सुस्त, धूळकट आहे, दुपारी दोन ते पाच कुत्रंही फिरकत नाही, सेतेनीलसारखं नटलेलं काही शोधाल तर हिरमोड होईल.

खाणं: ग्रानादा प्रांतात ड्रिंकबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी डिश, फुकट येतो, ग्वादिक्सलाही. शाकाहारी असाल तर आधीच "सिन हामोन, सिन आतून" (हॅम नको, ट्यूना मासा नको) सांगा, नुसतं भाजी म्हटलं तरी वरून हॅमचे तुकडे भुरभुरवतात.

ग्रानादा सोडून कुठेच जायला वेळ नसेल तर ग्रानादातलीच गुहाघरांची वस्ती साक्रोमोन्ते आहेच, गुहांचं म्युझियम, समोर आल्हाम्ब्रा राजवाडा, रात्री गुहेत फ्लामेंको. तिकीटवाला मामला आहे, पण काहीच न बघण्यापेक्षा बरा.

सप्टेंबरात जाणार असाल तर ९ तारीख बघून ठेवा, ग्वादिक्सला कास्कामोरास नावाचा उत्सव असतो, आपल्या धुळवडीसारखी रंगाने माखलेली गर्दी गावभर पळत असते. तीन दिवस आधी, ६ तारखेला, हाच प्रकार शेजारच्या बासा गावात, तिथे रंग काळा आणि तेलकट. फेकून देता येतील असेच कपडे न्या.