बी मूव्ही: माशी बोलली तर चालेल, पण मध नराने गोळा केलेला नको

‘बी मूव्ही’ची सुरुवातच एका ठाम विधानाने होते. उड्डाणाच्या सगळ्या ज्ञात नियमांप्रमाणे मधमाशीला उडता येणं शक्य नाही, तिचं गुबगुबीत अंग उचलायला पंख फार तोकडे आहेत; पण माणसांना काय अशक्य वाटतं याची माशीला पर्वा नसते, म्हणून ती उडते. ऐकायला झकास. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पांढरी चादर बांधून मुलांना हा चित्रपट दाखवला, तेव्हा सगळ्या मुलांनी हेच वाक्य उचललं. दुसऱ्या दिवशी सातवीतली माझी लेक विचारते, “आई, म्हणजे विज्ञान चुकलं ना?”

या प्रश्नामुळे हे परीक्षण लिहायला घेतलं. मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माहेर महाबळेश्वर तालुक्यातलं, परसात सातेरी या देशी पाळीव मधमाश्यांच्या पेट्या. चित्रपट तसा जुना, २००७ सालचा, ड्रीमवर्क्सचा, दीड तासाचा. जेरी साइनफेल्डने इतरांबरोबर तो लिहिला आणि बॅरी या नायक माशीला आवाजही दिला. हा बॅरी पोळ्याबाहेर पडतो, व्हॅनेसा नावाच्या फुलवालीशी मैत्री करतो आणि मध लुटल्याबद्दल माणसांवर खटला भरतो. रंग सुरेख, संवाद चटपटीत, न्यूयॉर्कच्या पावसात सापडलेल्या माशीचा प्रसंग तर फार देखणा आहे. मुलं खिळून बसतात. म्हणूनच त्यात काय सांगितलंय याकडे नीट बघायला हवं असं मला वाटतं.

आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. विज्ञान चुकलेलं नाही. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ आंत्वान मान्याँ यांच्या १९३४ च्या पुस्तकात कीटकांना विमानाचं गणित लावून पाहिलं होतं आणि ते जुळलं नव्हतं. जुळणार कसं? विमानाचा पंख जागेवर स्थिर असतो. माशी पंख पुढेमागे झोडते आणि प्रत्येक फटक्याच्या टोकाला तो उलटा फिरवते. त्यामुळे पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा तयार होतो आणि तो तिला उचलून धरतो. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत डग्लस आल्टशुलर, मायकल डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. मधमाशी सेकंदाला साधारण २३० वेळा पंख हलवते आणि तेही जेमतेम ९० अंशांच्या कोनात. हवेऐवजी हेलियम मिसळलेला विरळ वायू दिला, तर ती पंखांचा वेग तोच ठेवून कोन वाढवते आणि तरंगत राहते. हे सगळं चित्रपट येण्याच्या दोन वर्षं आधी छापून आलं होतं. माशी उडते ती नियमांना धुडकावून नव्हे, नियमांचा पुरेपूर वापर करून! हे वाक्य चित्रपटाच्या तोंडी असतं तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या.

आता मुख्य तक्रार. बॅरी नर आहे. त्याचा मित्र अ‍ॅडमही नर. आणि पोळ्याबाहेर जाऊन मकरंद आणणारं ते रुबाबदार पथक, तेही पिळदार पुरुषांचं. प्रत्यक्षात पोळ्यातली झाडलोट, पिल्लांचं संगोपन, मेणाचं बांधकाम, पहारा, मकरंद आणि पराग आणणं, हे सगळं कामकरी माश्या करतात, आणि त्या झाडून सगळ्या मादी असतात. नर यातलं काही करत नाही. राणीशी मीलन हेच त्याचं काम, त्यात तो मरतो. आणि चाराटंचाई आली की कामकरी माश्या नरांना पोळ्याबाहेर हाकलतात. त्याला नांगीसुद्धा नसते, कारण नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचं बदललेलं रूप. तरी इथे अ‍ॅडम भर कोर्टात वकिलाला डंख मारतो आणि दवाखान्यात बरा होतो. बॅरीला आई आहे, वडील आहेत. खऱ्या नर माशीला वडील नसतात! तो फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो; त्याला आजोबा असतात, पण बाप नसतो. हे मी अकरावीच्या वर्गात सांगते तेव्हा मागचे बाकसुद्धा गप्प होतात. इतकी अद्भुत गोष्ट हाताशी असताना लेखकांनी तिच्या जागी नेहमीचे आई-बाबा आणि नोकरीची चिंता आणून ठेवली. भरीला त्यांनी डासाचंही तेच केलंय. रक्त पिणारा डास इथे पुरुषाच्या आवाजात बोलतो, आणि रक्त तर फक्त मादी पिते.

चित्रपट संपल्यावर आम्ही पालक गच्चीवरच बराच वेळ बोलत बसलो. तळमजल्यावरचे एक बाबा बँकेत आहेत. ते म्हणाले, “अहो वहिनी, माशी कोर्टात केस लढते, बाईशी गप्पा मारते. तिथे नर की मादी हे कशाला बघायचं? करमणूक आहे ती.” पुष्कळांनी माना डोलावल्या. मला हे मुळीच पटत नाही. बोलणारी माशी कुठलंच मूल खरी मानत नाही. पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं की माशी कोर्टात जात नाही. ती कल्पना आहे हे ती स्वतःच ओरडून सांगते. पण मध कोण गोळा करतं, हे त्या पोराला माहीत नसतं. तिथे चित्रपट जे दाखवेल ते माहिती म्हणून आत जातं, आणि ते गमतीत आलंय की चुकून, हे कळायला त्याच्याकडे काही मार्ग नसतो. १९९८ साली मुंग्यांवरचे दोन मोठे अ‍ॅनिमेशनपट आले, त्यांतही कामकरी नायक पुरुषच होते. मुंग्यांमध्येही राबणाऱ्या सगळ्या मादीच असतात. माझ्या लेकीच्या वयाच्या मुलींनी पडद्यावर पाहिलेलं कष्टाळू, शूर कीटकांचं सगळं जग असं पुरुषांचं करून ठेवलेलं आहे. याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या एका आईचा आक्षेप वेगळा होता. फुलवाली व्हॅनेसा आणि बॅरी यांच्यातली ओढ तिला मुलांसमोर अवघड वाटली. मुलांना त्यात मैत्रीच दिसली, म्हणून मी तो मुद्दा फार ताणणार नाही.

मला त्याहून जास्त खटकलं ते कथेचं मूळ. बॅरीचं दुःख असं की पोळ्यात एकदा काम निवडलं की मरेपर्यंत तेच करायचं. म्हणून तो बाहेर पळतो आणि पुढचं सगळं घडतं. खरी कामकरी माशी मात्र वयाप्रमाणे कामं बदलत जाते. जन्मल्यावर आधी घरं साफ करायची, मग पिल्लांना भरवायचं, मग मेण काढून पोळं बांधायचं, मग दारावर पहारा, आणि साधारण तीन आठवड्यांची झाली की मग मकरंदासाठी बाहेर. हंगामात तिचं सगळं आयुष्य दीडेक महिन्याचं. म्हणजे जिला बाहेरचं आकाश बघायची घाई झाली आहे, पण अजून पिल्लं भरवायची पाळी संपलेली नाही, अशी एक मुलगी माशी नायिका होऊ शकली असती. आणि ती शेवटी बाहेर पडते तेव्हा तिच्याकडे थोडेच दिवस उरलेले असतात. असा चित्रपट मी लेकीला पुन्हा पुन्हा दाखवला असता. शास्त्राला धरून राहिलं की गोष्ट रुक्ष होते, या समजुतीला या कथेइतकं चांगलं उत्तर नाही.

पुढे बॅरी दुकानात मधाच्या बाटल्या बघतो, पेट्यांवर धूर सोडणारी माणसं बघतो आणि मानवजातीवर खटला भरतो. इथे चित्रपटाने प्रश्न चांगला विचारलाय, पण उत्तरात दोन गोष्टींची गल्लत केली आहे. धूर म्हणजे छळ असं कोर्टात दाखवलंय. पेटीजवळ धूर देतात तो माश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्याचा वास झाकायला. तो वास केळ्यासारखा असतो, लहानपणी मी तो घेतलेला आहे. शिवाय धूर आला की घर सोडावं लागेल म्हणून माश्या पोटभर मध पिऊन घेतात, आणि भरल्या पोटाची माशी सहसा डंख मारत नाही. माहेरी चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढतात, पोळं शाबूत राहतं, पावसाळ्यासाठी मध ठेवावा लागतो. याउलट आग्या मोहोळाला रात्री पलिते लावून, पोळं कापून, पिल्लांसकट पिळून काढायची जुनी रीत खरोखर क्रूर आहे. मुलांना हा फरक दाखवता आला असता, तर खटल्याला काही अर्थ होता.

खटला जिंकल्यावर मध परत मिळतो, माश्या काम थांबवतात, आणि काही दिवसांत सेंट्रल पार्क सुकून जातं. इथे माझे सासरे बोलले. त्यांची उमेदीची वर्षं गिरणीत गेली, १९८२ चा संप त्यांनी आतून पाहिला आहे. ते म्हणाले, “हक्क मिळाला की कामगार आळशी होतो आणि जग बुडतं, असं सांगायचंय का या लोकांना?” बँकेतल्या बाबांना यात काही वावगं वाटलं नाही, काम ज्याचं त्याने करावं, एवढंच त्यांना दिसलं. मी सासऱ्यांच्या बाजूची. ज्यांचं लुटलं गेलं त्यांनी न्याय मागितला आणि कथेने शिक्षा त्यांनाच दिली. लुटणाऱ्यांनी काही बदलायची वेळच येत नाही.

आणि सुकण्याचं शास्त्र तर पूर्ण उलटं आहे. परागीभवन झालं नाही म्हणून गवत पिवळं पडत नाही. फलन झालं की फूल उलट लवकर कोमेजतं, पाकळ्या गळतात, फळ धरू लागतं. शेवटी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराच्या गुलाबांच्या मिरवणुकीतली फुलं विमानाने आणून त्यांचा पराग सगळीकडे शिंपडतात आणि क्षणात बागा हिरव्यागार होतात. गुलाबाच्या परागाने गुलाबालाच फळ धरतं, डेझीला नाही. शिवाय ही मधमाशी मुळात अमेरिकेची नव्हेच. १६२२ साली युरोपी वसाहतवाल्यांनी ती व्हर्जिनियात नेली. त्याआधीही तिथे भोपळे होते, सूर्यफुलं होती, आणि त्यांचं परागीभवन तिथल्या देशी माश्या करत होत्या. चित्रपटात त्या माश्यांना जागाच नाही.

याच वेळी एका पालकाने आइन्स्टाइनचं ते वाक्य काढलं, माशी संपली तर माणूस चार वर्षांत संपेल. व्हॉट्सअ‍ॅपवर ते दर पावसाळ्यात येतं. आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी ही पिकं वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर धरतात, त्यांना माशी लागत नाही. माश्या गेल्यावर काय जाईल हे आपल्याकडे बघायचं असेल तर कांद्याच्या बियाण्याच्या शेतात जावं. डेंगळ्यांच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांच्या, पांढऱ्या गोंड्यांवर माशी फिरली नाही तर बी धरत नाही, म्हणून शेतकरी तिथे पेट्या आणून ठेवतात. कारलं, दोडका, काकडी, सूर्यफूल यांचंही तेच. खरा धोका एवढा मोठा असताना खोटा धोका कशाला दाखवायचा?

हे सगळं असूनही मी हा चित्रपट दाखवू नका असं म्हणणार नाही. सुरुवातीला व्हॅनेसाचा मित्र बॅरीला चिरडायला निघतो, कारण त्याला माश्यांची अ‍ॅलर्जी असते, आणि ती विचारते की याचा जीव तुझ्या जिवापेक्षा कमी मोलाचा कसा. ग्लास आणि कागद घेऊन ती माशीला खिडकीबाहेर सोडते. आमच्या मजल्यावरच्या मुलांनी त्या आठवड्यात जिन्यातल्या माश्या अशाच सोडल्या. हे श्रेय चित्रपटाचं, ते मी पूर्ण देते.

पण आठ वर्षांच्या आतल्या मुलांना एकटं बसवून लावून देऊ नका. पहिल्या विधानाशी थांबवा आणि उड्डाणाचं खरं सांगा. मकरंद आणणारं पथक आलं की पुन्हा थांबवा. मुलं कंटाळत नाहीत, बाप नसलेल्या माशीची गोष्ट तर ती दोनदा ऐकतात. जमलं तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला घेऊन जा. २०२२ पासून ते ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं, आणि पेटी उघडून राणी, कामकरी, नर समोर दाखवता येतात. पुण्याजवळ राहत असाल तर गणेशखिंडीत १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. जांभळाच्या फुलोऱ्याचा कडवट, काळसर मध मुलांना नक्की चाखवा. दुकानातल्या एकसारख्या गोड बाटलीपेक्षा तो किती निराळा, ते जिभेलाच कळू दे.

आणि एक गोष्ट चित्रपट पाहिल्या दिवशीच बजावा. यात धूर आला की माश्या गपगार पडतात आणि डंख म्हणजे विनोद असतो. गडावर कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ तसं नाही. त्याच्या जवळपास शेकोटी नको, अत्तर नको, दगड तर मुळीच नको. आणि मोहोळ उठलंच तर हात न झाडता, तोंड झाकून, गाडीपर्यंत किंवा बंद खोलीपर्यंत पळत सुटायचं.