रेडी किट घ्यावं की घर हाताने बांधावं? १:२४ की १:१२? डॉलहाऊस सुरू करायच्या आधी

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला, मावशी मला पण छोटं घर करायचंय, ऑनलाइन किट मागवू का तू करतेस तसं सगळं हाताने करू? फोनवर जमलं तेवढं सांगितलं पण हे दोन वाक्यात संपणारं नाहीये, आणि हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जणी तरी विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. मी दोन्ही केलंय. तीन किट पूर्ण केली, आणि आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याचं (तो आता नाही, तिथे बिल्डिंग आहे) माजघर आणि ओसरी हाताने केली, सध्या चौक चालू आहे.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा की तुम्हाला कुठलंही एक सुंदर घर हवंय का एक ठराविक घर हवंय. कुठलंही चालणार असेल तर किट घ्या, खरंच घ्या, खूप आनंद मिळतो. पण डोक्यात आजीचं स्वयंपाकघर किंवा आजोबांचं किराणा दुकान असेल तर किट तुम्हाला तिथपर्यंत नेणार नाही, कारण किटमध्ये येतं कॅफे, फुलांचं दुकान, काचेचं ग्रीनहाऊस, पुस्तकांची खोली. देवघर येत नाही, खुंट्या येत नाहीत, उंबरा येत नाही.

आता स्केल. लोक मटेरियलपासून सुरुवात करतात आणि स्केलचा विचार नंतर करतात, तिथेच घोळ होतो. १:१२ म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. डॉलहाऊसच्या जगात हेच सगळ्यात रुळलेलं माप, इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ मध्ये जे डॉलहाऊस बांधलं (एडविन लुटियन्सने, तेच नवी दिल्लीची आखणी करणारे, आणि ते अजून विंडसर कॅसलमध्ये बघता येतं) ते सुद्धा याच मापाचं. १:२४ म्हणजे त्याच्या निम्मं, एका फुटाला अर्धा इंच, आणि बहुतेक चायनीज किट साधारण याच्या आसपास असतात, तंतोतंत नसतात.

निम्मं म्हटलं की फार फरक वाटत नाही पण बघा, १२ बाय १० ची खोली १:१२ मध्ये १२ इंच बाय १० इंच होते आणि १:२४ मध्ये ६ बाय ५, म्हणजे जागा पाव होते. पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये हे फार महत्त्वाचं आहे हो. चौकाचा आख्खा वाडा करायचा म्हटलं, चौक २० फूट आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा फुटांच्या खोल्या धरल्या, तर १:१२ मध्ये ४० इंच, म्हणजे सव्वातीन फुटांच्या वर एक बाजू झाली, ते ठेवणार कुठे? १:२४ मध्ये तोच वाडा २० इंचांत बसतो, शोकेसच्या वर राहील. त्यामुळे आख्खी इमारत करायची असेल तर मी १:२४ च सांगेन.

पण एकच खोली करायची असेल तर १:१२ ला पर्याय नाही असं माझं मत आहे, आणि याचं कारण सामान. १:१२ मध्ये हाताला येतं, डोळ्याला दिसतं, आणि आपल्या घरातल्या वस्तू मापाला लागतात. आइस्क्रीमची काडी साधारण १० एमएम रुंद असते, १:१२ मध्ये ती पाच इंचांची फळी झाली, माडीच्या तक्तपोशीला अगदी बरोबर. तीच काडी १:२४ मध्ये दहा इंचांची फळी होते आणि जमीन कशीतरीच दिसते, मग प्रत्येक काडी उभी चिरत बसा. आठ इंची तुळई १:१२ मध्ये १७ एमएम, सुताराकडे पट्ट्यांचे तुकडे पडलेले असतात त्यातून निघते. चार इंचांची खुंटी म्हणजे साडेआठ एमएम, टूथपिकचं टोक.

आणि आपल्याकडे तुळशीबाग आहे! तिथली पितळी भातुकली बघून प्रत्येकीला वाटतं की झालं आपलं काम, स्वयंपाकघर तयार. थांबा, पट्टी घेऊन जा. भातुकली खेळायला केलेली असते, स्केलला धरून नसते, एकाच सेटमधला तांब्या आणि बंब एकाच उंचीचे असतात. दीड इंचाचा तांब्या १:१२ मध्ये दीड फुटाचा होतो. मी त्याला हंडा म्हणून वापरला आणि तो इतका छान बसला, पण तांब्या म्हणून घेतला असता तर सगळं माजघर खोटं वाटलं असतं. जातं मात्र बघा, दीड इंच व्यासाचं जातं म्हणजे खरं अठरा इंचांचं, नेमकं. उखळ, पाटा-वरवंटा, चूल यातलं पण बरंच जमतं, लहान ताटं-वाट्या फार कमी जमतात, त्या मी पत्र्यातून कापून काढल्या. १:२४ ला यातलं जवळजवळ काहीच चालत नाही, सगळं क्लेमध्ये स्वतः करावं लागतं.

किटबद्दल नीट सांगते कारण हाताने करणारे लोक किटला उगीच कमी लेखतात, ते मला पटत नाही. लेझर कट प्लायच्या शीट येतात, छापलेला कागद, कापडाचे तुकडे, तार, मणी, एलईडी, आणि चित्रांचं पुस्तक. बऱ्याचदा गोंद आणि बॅटरी आपली आपण आणायची असते, मागवायच्या आधी ते वाचून घ्या. माझं पहिलं किट रोज तासभर बसून पंधरा-सोळा दिवसांत झालं. त्यात मी जे शिकले ते मला कुठल्याच व्हिडिओने शिकवलं नव्हतं, म्हणजे चिमट्याने धरायचं कसं, गोंद टूथपिकच्या टोकावर किती घ्यायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायरिंग भिंती बंद व्हायच्या आधी करायची. पुढे माजघर करताना ही एक सवय फार उपयोगी पडली. एका किटमध्ये एक शीट आलीच नव्हती, विक्रेत्याला तीन मेसेज केले, उत्तर नाही, शेवटी पुठ्ठ्यातून तीच कपाटाची दारं कापली, आणि ती छापील दारांपेक्षा चांगली झाली. तेव्हा वाटलं की आता आपण स्वतःचं काहीतरी करू शकतो.

किटचं कमी काय, तर कागद. पुस्तकं कागद, डबे कागद, टाइल्स कागद, लांबून गोड दिसतं पण जवळून सपाट, आणि दोन पावसाळ्यांनंतर कडा उचलतात. शिवाय एकदा झालं की झालं, त्यात भर घालायला जागा नसते.

पावसाचा विषय निघालाच आहे तर मटेरियल इथेच सांगते. हाताने करणार असाल तर आप्पा बळवंत चौकात आणि आर्किटेक्चरची मुलं मॉडेलचं सामान जिथून घेतात त्या दुकानांत सगळं मिळतं. माउंटबोर्ड (जाड, ताठ पुठ्ठा) स्वस्त, कापायला सोपा, पण एकाच बाजूने रंगवला की जुलैमध्ये धनुष्यासारखा वाकतो, दोन्ही बाजूंनी रंग किंवा कागद लावायलाच पाहिजे. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) ३ एमएमचा ताठ राहतो, फक्त कडा उघड्या ठेवू नका, कडेतून ओल पितो आणि फुगतो. सनबोर्ड (हलका प्लास्टिक फोमचा बोर्ड) पाणी पीत नाही, भिंतींना मला तोच आवडतो, पण त्यावर साधा पांढरा गोंद नीट धरत नाही, त्याला रबर बेस किंवा इन्स्टंट ग्लू लागतो. आणि थर्माकोल किंवा निळी-गुलाबी फोम शीट वापरत असाल तर त्यावर रबर बेस गोंद किंवा स्प्रे पेंट अजिबात मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट ती खाऊन टाकतं, माझा एक आख्खा जोता असा विरघळला. लाकडाला लाकूड जोडायला मात्र साधा फेविकॉल, रात्रभर दाबून ठेवायचं, बस. खिडकीच्या पारदर्शक शीटजवळ इन्स्टंट ग्लू नको, वाफेने त्यावर पांढरट धुकं बसतं आणि ते निघत नाही.

काळ्या दगडाचा जोता अंड्याच्या कागदी ट्रेचे तुकडे फाडून करा, पोत इतका खरा येतो की लोक हात लावून बघतात. सारवलेल्या जमिनीला चाळलेली माती, फेविकॉल, थोडं पाणी, आणि बारीक सपाट ब्रशने अर्धगोल ओढायचे, खरी बोटं फिरवली तर स्केल बिघडतं. मोजमापं घ्यायला आपलं घर राहिलेलं नसेल तर विश्रामबागवाड्याचे सुरूचे खांब बघा, केळकर म्युझियममधली कोरीव दारं बघा, खांब खाली किती जाड आणि वर किती निमुळता होतो ते फोटोवरून कळत नाही, समोर उभं राहावं लागतं.

अंगण, झाडं वगैरे. यात किट खूपच मागे आहे, हिरव्या पावडरची एक पुडी येते आणि दोन प्लास्टिकची झाडं. हाताने करणाऱ्यांना पुण्यात वेगळं शिकायला नको, आपण सगळे दिवाळीत किल्ला करूनच मोठे झालोय. फक्त किल्ल्यावर अळीव पेरतो तसं इथे काही जिवंत लावू नका, वाढतं, वाकतं, आणि ओलीने लाकूड खराब होतं. वाळलेली चहापत्ती मातीला उत्तम (उन्हात कडक वाळवा नाहीतर बुरशी येते), जुना स्पंज मिक्सरमधून काढून ॲक्रिलिकमध्ये रंगवला की पानं, घोसाळ्याच्या शिरा फांद्यांना. मॉडेल रेल्वेवाली तयार झाडं विकत घेणार असाल तर त्यांचं स्केल वेगळं आहे हे लक्षात ठेवा, एचओ म्हणजे १:८७, त्यातलं चार इंचांचं झाड तिथे २९ फुटी असतं आणि आपल्या १:१२ च्या अंगणात चार फुटांचं झुडूप होतं. कण्हेर म्हणून चालेल, आंबा म्हणून नाही. तरी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम एकदा जाऊन बघाच, जमीन, रस्ता, उतार, उजेड कसा जोडलाय ते समजतं. हौदाच्या पाण्याला गोंदाचा जाड थर ओतू नका, खालून पांढराच राहतो, इपॉक्सी रेझिनचे पातळ पातळ थर द्या.

लाइटसाठी किटमधलं बटण सेल आठ-दहा दिवस हौस पुरवतं मग पडून राहतं. तपकीर गल्लीतून वायर जोडलेले बारीक वॉर्म एलईडी आणा, रेझिस्टर (करंट कमी करणारा बारीक भाग) लावून मोबाइलच्या चार्जरवर चालवा.

पैशाचं म्हणाल तर माझी किट प्रत्येकी दीड ते अडीच हजारांच्या मधली होती. माजघराचा हिशोब वहीत आहे, ३२०० झाले, पण त्यात निम्मे हत्यारांचे, कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, छोटी करवत, आणि तो खर्च पुन्हा होत नाही. ओसरी त्यामुळे खूप कमीत झाली. वेळ मात्र हाताने करताना कितीतरी जास्त, माजघराला मला सात महिने लागले, नोकरी आणि घर सांभाळून. मुलांबरोबर सुट्टीत करायचं असेल तर सात महिने कोणी थांबत नाही, तेव्हा किट. कोणाला भेट द्यायची असेल तरी किट, शक्यतो काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या कव्हरसकट, कारण आपल्या रस्त्यांची धूळ एका आठवड्यात सगळ्यावर बसते आणि एवढ्या बारीक सामानावरून ती पुसता येत नाही. हाताने केलेल्याला कव्हरचा खर्च वेगळा धरा, तो मी ३२०० मध्ये धरलेला नाही.

माझ्या माजघराच्या भिंतीवर एक रेघ आहे. १९६१ च्या जुलैमध्ये पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आजी बोट ठेवून दाखवायची, कितीही चुना मारला तरी तो डाग खालून डोकवायचा. जमिनीपासून साडेपाच फूट. मी साडेपाच इंचांवर चहाच्या पाण्याने तो डाग ओढला. आत्या बघायला आली तेव्हा तिने हंडा, जातं, देवघर काही बघितलं नाही, आधी तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला १:१२ आणि हाताने करणं का आवडतं ते यात आलं.

तर भाचीला मी असं सांगितलं की एक किट माग, स्वस्तातलं, एकमजली, ते पूर्ण कर, अर्ध्यात सोडू नकोस. त्यात बसायला आवडलं तर दुसरं किट घेऊ नकोस, १:१२ मध्ये एकच खोली कर, समोरून उघडी, चपलांच्या मोठ्या खोक्याएवढी, आणि आख्ख्या घराचा विचार त्या खोलीनंतर. ती म्हणाली आजीचं स्वयंपाकघर करते, सहकारनगरचं, कडाप्प्याचा ओटा असलेलं. म्हटलं मग किट येईपर्यंत मापं घेऊन ठेव, घर अजून आहे तोवर. परवा तिचा मेसेज आला, ओटा ३१ इंच. म्हणजे साडेपासष्ट एमएम.