एटिमोटिक ईआर-20 एक्सएस: किनाऱ्यावरच्या मैफलीत कान सांभाळणारे इअरप्लग

समुद्राकाठी लांबवर चालून यायचं आणि मग तिथल्याच कलाकारांच्या मैफलीला बसायचं, हा ज्यांचा आवडता बेत आहे त्यांनी हे इअरप्लग जरूर घ्यावेत. मात्र मैफलीसाठीच. चालताना ते कानात नकोत.

फोमचे बोळे आवाज भरपूर अडवतात, पण वरचे स्वर जास्त आणि खर्ज त्या मानाने कमी. मग गाण्यातले शब्द गिळल्यासारखे होतात, झांजांची चमक जाते आणि उरते ती नुसती धपधप. शिवाय उघड्या कानाची नळी 2700 हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपसूक ठळक करते; बोळा घातला की तेही हरवतं. ईआर-20 एक्सएसच्या दांडीतला फिल्टर ही उणीव बरीचशी भरून काढतो, म्हणून गाणं तसंच राहतं, फक्त लांब गेल्यासारखं वाटतं. गाणं ऐकायलाच आलेल्या माणसाला याहून मोठा फरक कुठला हवा?

नीट बसले तर आवाज साधारण 20 डेसिबलने उतरतो. पाकिटावर मात्र 13 लिहिलेलं असतं. तो आकडा माणसामाणसांतला फरक धरून सरासरीतून बरंच वजा करून काढतात, त्यामुळे बिचकू नका. उघड्या कानाने 85 डेसिबलला आठ तास ऐकणं सुरक्षित, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, या हिशेबाने 97 डेसिबलला जेमतेम अर्धा तास मिळतो. स्पीकरजवळ तेवढा आवाज सहज असतो. त्याआधी फुकटचा उपाय करा: उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. पाच मीटरवरून दहावर सरका. वारा स्पीकरकडून तुमच्याकडे वाहत असेल तर मागेही आवाज चांगलाच पोचतो.

सगळा खेळ बसवण्याचा आहे. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, तिपदरी टोक किंचित ओलं करा आणि हलकं फिरवत आत सरकवा. खर्ज तसाच दणदणतोय आणि वरचेच स्वर दबलेत, तर कुठेतरी फट राहिली आहे. टोक पुन्हा बसवा. तरीही तेच, तर माप बदला. काढताना हिसका नको. फिरवत सावकाश काढा, नाहीतर कानाच्या पडद्यावर ताण येतो.

सोबत गळ्यात अडकवायची दोरी मिळते. ऐकताना ती काढून ठेवा, कारण कॉलरला घासली की खरखर थेट कानात येते. दोरीचा खरा उपयोग दोन गाण्यांमध्ये प्लग काढून गप्पा मारताना.

आता चालण्याचं. कान बंद असले की घट्ट ओल्या वाळूवरचं प्रत्येक पाऊल डोक्यात धप्प वाजतं, स्वतःचा श्वास घुमतो. मुख्य म्हणजे मागून चढणारी लाट आणि सायकलची घंटी दोन्ही उशिरा कळतात. ज्या लाटांसाठी आलो त्याच दबून जातात, ते वेगळंच. म्हणून चालताना प्लग डबीतच बरे.

वाळूची खरी भीती इथेच आहे. टोकाला चिकटलेला एक कण कानाची नाजूक कातडी खरवडतो. हात झटकून, पुसून मगच प्लगला हात लावा. घरी आल्यावर टोकं दांडीवरून काढून कोमट साबणपाण्यात धुवा, पूर्ण सुकवा. फिल्टरला मात्र पाणी लागू देऊ नका. एका बाजूचा आवाज अचानक मंद वाटला तर बहुतेक वेळा टोकाच्या भोकात मळ अडकलेला असतो.

माइकशिवाय गिटारवर एकटा गाणारा असेल तर हे लागतच नाहीत. आणि मोठ्या स्टेजला खेटून तीन तास उभं राहणार असाल तर हे पुरणार नाहीत. तिथे जास्त डेसिबल अडवणारे घ्या. टोकं कडक झाली, पिवळी पडली की बदला, ती सुटी मिळतात.