घरोघर तपासणी की ताप दवाखाना? धारावी, 2020

1 एप्रिल 2020 रोजी धारावीत कोविडचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या या दाट वस्तीत रुग्ण शोधण्याचे दोन मार्ग महापालिकेपुढे होते.

घरोघर तपासणीचा मोठा लाभ असा, की जो आजार लपवतो किंवा ज्याला पोटमाळ्याचा उभा जिना उतरवत नाही, त्याच्यापर्यंतही ती पोहोचते. परंतु एप्रिलच्या उकाड्यात, अरुंद बोळांतून, अंगभर पीपीई किट चढवून फिरणारे डॉक्टर लवकर थकत असत, आणि एकाच खोलीत आठ-दहा माणसे राहत असताना अंतर राखून तपासणे जवळजवळ अशक्यच होते.

वस्तीतच भरवलेल्या ताप दवाखान्यात तापमान व प्राणवायूची पातळी पाहून संशयिताला लगेच विलगीकरणात पाठवता येई. स्थानिक खासगी डॉक्टरही या कामात उतरले, आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा विश्वास त्यांच्यावर असल्यामुळे हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मात्र विलगीकरणाच्या भीतीने जो येतच नाही, तो येथे निसटतो.

माझ्या मते अशा वस्तीत मुख्य भर ताप दवाखान्यावरच असावा. वृद्ध, मधुमेही आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या दारापर्यंत मात्र आरोग्यसेविकेने जायलाच हवे.