‘डार्क साइड ऑफ द मून’च्या तीन रेकॉर्ड आणि मधोमध नसलेलं भोक

सदोष रेकॉर्डचे पैसे ऑनलाइन विक्रेत्याने अखेर परत केले, म्हणून आता सविस्तर लिहिते. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 1973चा हा अल्बम काय आहे ते इथे कोणाला सांगायला नको. पावसाळ्याआधीपासून माझ्याकडे त्याच्या तीन प्रती आलटूनपालटून वाजताहेत. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर घेतलेली कोलकात्याजवळच्या डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यातली जुनी भारतीय प्रत, दिराकडून उसनी आणलेली 2003ची तिसाव्या वर्षाची आवृत्ती आणि ऑनलाइन मागवलेली 2016ची.

2016ची उघडली तेव्हा मी खूश होते. मास्टरिंग (रेकॉर्ड छापण्याआधी आवाजावर होणारं शेवटचं काम) जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांचं, आणि ते खरोखर सुंदर आहे. ‘टाइम’मधली घड्याळं एकेक वेगळी ऐकू येतात. सुरुवातीचे हृदयाचे ठोके स्वच्छ उमटतात. (आमचं घर माटुंग्याला रुळांलगत, त्यामुळे ते ठोके शेवटची लोकल गेल्यावरच नीट ऐकता येतात.) मग ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ लागलं. रिचर्ड राइटचा पियानो सुरू झाला आणि कानाला खटकलं. पियानोला मींड नसते. इथे मात्र लांबलेला प्रत्येक सूर मींड घेतल्यासारखा वर सरकत होता, खाली येत होता.

टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे पाहिलं, तर तो प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलत होता. रेकॉर्डचं भोक मधोमध नव्हतं.

मी एवढं का धरून बसले, ते सांगते. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने एक फेरी 1.8 सेकंदांत होते, म्हणून सूर दर 1.8 सेकंदांनी हेलकावतो. भोक एक मिलिमीटर सरकलेलं असलं, तर केंद्रापासून 146 मिलिमीटरवरच्या बाहेरच्या ग्रूव्हमध्ये (सुई जिच्यातून फिरते त्या खाचेत) सूर सुमारे 0.7 टक्के वर-खाली होतो. आत 60 मिलिमीटरवर तोच फरक 1.7 टक्के. म्हणजे बाजू संपत जाते तसा दोष वाढतो, आणि या अल्बमच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं नेमकं पियानोचं आणि गायिका क्लेअर टॉरीच्या आवाजाचं! ढणढणत्या गिटारमध्ये हे खपून गेलं असतं. दुसरी बाजू मात्र सरळ वाजते. दोन बाजू छापणारे साचे वेगळे आणि भोक एकच, त्यामुळे असं होऊ शकतं. प्रती तपासताना दोन्ही बाजू बघायच्या त्या यासाठी.

विक्रेत्याचा प्रश्न एकच, “रेकॉर्ड अडकते का?” नाही म्हटल्यावर तक्रार बंद. टोनआर्मचा व्हिडिओ पाठवला, तर “टर्नटेबल तपासून घ्या.” मग त्याच टर्नटेबलवर इतर दोन रेकॉर्ड सरळ फिरतानाचा व्हिडिओ पाठवला. बदली प्रत आली, तीही तशीच. चार हजारांच्या वर मोजल्यावर जाड रेकॉर्डच्या 180 ग्रॅम वजनाचं कौतुक कोणी सांगू नये, भोक नीट पाडून द्यावं. हा त्रास आजचा नाही. 1980च्या दशकात जपानच्या नाकामिची कंपनीने रेकॉर्डचं खरं केंद्र स्वतः शोधून घेणारं टर्नटेबल काढलं होतं, ते याच दोषासाठी. ज्यांना ते परवडत नाही ते कानशीने भोक मोठं करतात. मी केलं नाही, कारण मग रेकॉर्ड परत कशी करणार? मुंबईत काळ्या घोड्याचं रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान 2016मध्ये बंद झालं आणि ऐकून घेण्याची एक जागा गेली. आता सीलबंद डबा येतो आणि पुढचं भांडण आपलं.

डमडमच्या प्रतीबद्दल माझं मत मात्र मधल्या काळात पार बदललं. घेतली तेव्हा ती नुसती चुरचुरत होती, झांजा दबलेल्या, आणि जूनच्या दमट हवेत कव्हरवर बुरशी धरली. आतलं जुनं कागदी पाकीट फेकून दिलं, डिस्टिल्ड वॉटरने रेकॉर्ड धुतली, नव्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली. त्याच सुमारास ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ई कार्ट्रिजची (टोनआर्मच्या टोकाला सुई धरणाऱ्या डबीची) सुई काढून अधिक बारीक टोकाची एमएल (मायक्रोलाइन) सुई बसवली. कार्ट्रिज तेच राहतं, फक्त सुई बदलते, म्हणून खर्च आटोक्यात. ही बारीक सुई ग्रूव्हच्या भिंतीला आधीच्या मालकाच्या सुईने झिजवलेल्या जागेपेक्षा वेगळीकडे टेकते. खरखर निम्म्यावर आली. ‘मनी’च्या सुरुवातीच्या नाण्यांमध्ये ती अजून टोचते आणि वरचे सूर तितके मोकळे नाहीत. पण भोक अगदी मधोमध आहे. पियानो जागच्या जागी उभा राहतो, आणि तो आवाज माझ्या घरात नव्या प्रतीच्या निम्म्याहून कमी पैशांत वाजतो. रात्री हात तिच्याकडेच जातो.

तिघींत सरस 2003ची, डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांनी मास्टर केलेली. झांजा मोकळ्या, खर्ज भरदार, ‘अस अँड देम’मधला सॅक्सोफोन समोर उभा. दीर ती विकायला तयार नाहीत, आणि गणपतीला येतील तेव्हा परत नेणार आहेत. मुंबईत कोणाकडे विकायची असेल तर कळवा. कव्हरचा फोटो नको. ‘ग्रेट गिग’ चालू असताना टोनआर्मचा व्हिडिओ पाठवा, मग किमतीचं बोलू.