वीकली की फुल बोर्डिंग? दोन्ही राहून बघितलेल्याचं मत

बोर्डिंगला घालायचं की नाही हा वाद इथे काढत नाही, ते ज्याचं त्याने घरी ठरवलेलं असतं. पण फॉर्म भरताना वीकली (दर वीकेंडला घरी) का फुल (वीकेंडलाही शाळेतच) असा जो रकाना येतो ना, तिथे लोक अडकतात आणि मला विचारतात, कारण मी स्वतः अशा एका नामांकित म्हणतात तसल्या शाळेत पहिली दोन वर्षं वीकली आणि पुढची चार वर्षं फुल काढलीयेत. गेल्या वर्षी लेकीच्या ॲडमिशनला तोच रकाना परत समोर आला. तर खाली जे आहे ते अनुभवाचं आहे, मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, आणि तुमचं मूल वेगळ्या स्वभावाचं असेल तर माझं सगळं म्हणणं उलटंही पडू शकतं.

मोठ्या शाळांमध्येही यावर एकमत नाहीये. इंग्लंडमध्ये १४४० साली निघालेल्या ईटनमध्ये दुसरा पर्यायच नाही, झाडून सगळी मुलं फुल बोर्डर. आणि तिकडे लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये बोर्डर मुलं वीकेंडला बहुतेक घरीच जातात. दोन्हीकडची मुलं हुशार निघतात, त्यामुळे निकाल बघून काही ठरवता येईल असं मला तरी वाटत नाही.

सोमवार ते शुक्रवार दोघांच्या आयुष्यात काडीचा फरक नसतो. तीच घंटा, तोच रोल कॉल, दुपारी गेम्स, संध्याकाळी प्रेप म्हणजे बसून अभ्यास, मग लाइट्स आउट. ब्रोशरमध्ये ज्याचे फोटो असतात ते जवळजवळ सगळं या पाच दिवसातलं, म्हणून ब्रोशर बघून हा प्रश्न सुटत नाही. खरा फरक शनिवारी दुपारची मॅच संपल्यावर सुरू होतो.

वीकलीच्या बाजूने आधी सांगतो, कारण ती बाजू दिसते तितकी लेचीपेची नाही. दर आठवड्याला कोणीतरी आपलं माणूस पोराचा चेहरा बघतं, ही फार मोठी गोष्ट आहे. फोनवर मुलं "ठीक आहे" म्हणतात आणि घरी जेवताना मान खाली घालून बसतात, ते फोनवर कसं कळणार? दुसरं म्हणजे एकांत. ईटनमध्ये मुलाला पहिल्या दिवसापासून स्वतःची खोली मिळते म्हणून ती सोय सगळीकडे असेल असं समजू नका, बऱ्याच शाळांत धाकट्या वर्गांना सहा-आठ पलंगांची डॉर्म असते आणि आतल्या मुलासाठी दार लावून घेणं हा प्रकारच नसतो. लाजऱ्या मुलाला आठवड्यातून एक रात्र दार लावता आलं तर तेवढ्यावर तो पुढचे पाच दिवस काढतो. मी काढलेत.

आता माझं ज्यावर बिनसलं ते. रविवार संध्याकाळ.

वीकलीवाल्याचा रविवार अर्धाच असतो हे कोणी सांगत नाही. दुपारी जेवण झालं की घड्याळाकडे लक्ष जायला लागतं, चार वाजता बॅग उघडी पडते, धुतलेले कपडे अजून थोडे ओलसर, प्रत्येक मोज्यावर नंबराची पट्टी शिवलेली आणि त्यातला एक मोजा नाहीच, आई शोधतेय, बाबा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे, आणि माझं पोट दुखायला लागलेलं. दर रविवारी दुखायचं, चारला. सोमवारी सकाळी एकदम बरं. डॉक्टरांनाही दाखवलं होतं, त्यांना काही सापडलं नाही. बरं, सगळं भरून निघालो तरी काहीतरी चुकीच्या ठिकाणी राहायचंच. शाळेत असलो की गणिताची वही घरी, घरी आलो की चष्मा शाळेत, आणि फुटबॉलचा डावा बूट तर माझा सहा आठवड्यांत तीनदा एकटाच प्रवास करून आलाय.

हे बॅगेचं रडगाणं वाटेल, पण हिशोब करून बघा. फुल बोर्डरच्या वर्षात तीन टर्म, प्रत्येक टर्मच्या मधे हाफ-टर्मची छोटी सुट्टी, म्हणजे सहा वेळा निरोप, मधले एक्झिएटचे (घरी जायला सोडतात ते) वीकेंड धरले तर दहा-बारा. वीकलीवाल्याला तीस-बत्तीस. लोक वीकली घेतात ते मुलाला घर तुटू नये म्हणून, आणि होतं काय तर घर सोडायची प्रॅक्टिस त्याला दर आठवड्याला करावी लागते. होमसिकनेस म्हणतात तो माझ्या बाबतीत घरून परत आलेल्या पहिल्या रात्री सगळ्यात जास्त असायचा, मग ओसरत जायचा, बुधवारपर्यंत गायब, आणि शनिवारी परत घरी. म्हणजे खपली धरली की काढायची. फुल झाल्यावर पहिले तीन आठवडे मी खरंच वाईट काढले, खोटं कशाला बोलू, पण चौथ्या आठवड्यात पोटदुखी जी गेली ती गेली.

शनिवार रात्रीचंही सांगतो. त्या रात्री हाऊसमध्ये, म्हणजे आम्ही राहायचो त्या इमारतीत, खास काही घडत नाही. प्रिफेक्ट, म्हणजे देखरेख करणारी मोठी मुलं, जरा सैल सोडतात, कोणीतरी बुटाच्या नाड्या बांधून टेबल टेनिसची जाळी दुरुस्त करतो, कोणाच्या घरून आलेला खाऊ फुटतो, मुलांची काळजी घेणारी मेट्रन ओरडते. एका रविवारी रात्री मी परत आलो तर सगळे आमच्या डॉर्ममधल्या एकाला "टॉवेल" म्हणून हाक मारत होते आणि हसून लोळत होते. का, ते कोणी सांगेना. सांगायला नको होतं असं नाही, सांगून कळण्यासारखं नव्हतं. तीन आठवड्यांनी कळलं की शनिवारी तो कपडे वाळवायच्या खोलीत झोपून गेला होता आणि कोणीतरी त्याच्यावर टॉवेल टाकून मोजून गेलं होतं. एवढंच. पण ते तीन आठवडे मी त्या हाऊसमध्ये पाहुणा होतो. आज माझे जे मित्र टिकलेत ते सगळे फुलच्या वर्षातले, हा योगायोगही असेल.

अभ्यासाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटरला एडवर्ड हार्कनेस यांच्या १९३० च्या देणगीतून ती लंबगोल टेबलाची पद्धत आली, एका टेबलाभोवती साधारण बारा मुलं आणि एक शिक्षक, भाषण नाही, चर्चा. आता बऱ्याच शाळा तसं काहीतरी करतात. अशा टेबलावर शेवटचा बाकच नसतो. फुल बोर्डर रविवारी दुपारी कंटाळून का होईना धडा वाचून बसलेला असतो, वर त्यावर एकमेकांत वादही झालेला असतो, आणि वीकलीवाला रात्री आठला बॅग घेऊन पोचतो. सोमवारी पहिला तास इंग्रजीचा असला की मी टेबलाच्या लाकडाची नक्षी फार बारकाईने बघायचो.

फोनचं मात्र हल्ली बदललंय. ईटनने २०२४ मध्ये नव्याने येणाऱ्या मुलांना स्मार्टफोनऐवजी साधा नोकियाचा फोन द्यायचं ठरवलं, आणखीही शाळा त्या वाटेने चालल्यात. वीकलीत मूल पाच दिवस फोनशिवाय राहतं आणि उरलेला दीड दिवस घरी स्क्रीनमध्ये तोंड घालून बसतं, मग तुम्ही त्याला नक्की कशासाठी घरी आणलं हा प्रश्न पडतो. आमच्या शेजारच्यांचं असंच चाललंय, पण ते खूश आहेत.

फुलचे तोटे लपवत नाही. डॉर्ममध्ये एखादा मागे लागला तर पळायला जागा नाही, शनिवारही त्याच्याबरोबरच काढायचा. सगळं हाऊसमास्तरवर अवलंबून, तो डोळस असेल तर निभावतं आणि नसेल तर शाळेचं नाव कितीही मोठं असो, उपयोग नाही. ताप आला की सिक रूममध्ये एकट्याने छताकडे बघत पडायचं, तेव्हा घर फार आठवतं. आणि वय. जॉय शेव्हेरियन नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी २०११ मध्ये बोर्डिंग स्कूल सिंड्रोम असा शब्द मांडला, लहान वयात घरापासून तोडलेली मुलं मोठेपणी जवळच्या माणसांतही मन बंद करून राहतात असं त्यांचं निरीक्षण. ते वाचून मी दोन रात्री झोपलो नव्हतो. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या पोराला फुल टाकायला मी कोणाला सांगणार नाही, तेव्हा वीकलीच बरं, किंवा खरं तर काहीच नको.

अजून एक, आणि हे शाळा आपणहून सांगत नाही. शाळा बघायला जाल तेव्हा एकच विचारा, साध्या शनिवारी रात्री या हाऊसमध्ये झोपायला किती मुलं असतात? मॅचचा नाही, फंक्शनचा नाही, साधा शनिवार. पन्नासातली पंचेचाळीस असतील तर फुलला अर्थ आहे. दहा-बाराच उरत असतील तर ती नावाची फुल, तिथे तुमचं पोर रविवारी रिकाम्या डॉर्ममध्ये एकटं चेंडू भिंतीवर आपटत बसेल आणि मी वर सांगितलेला एकही फायदा त्याला मिळणार नाही, मग वीकलीच घ्या. आम्ही तीन शाळांत विचारलं, एकीने पटकन आकडा सांगितला, एकीने हाऊसमास्तरला फोन लावला, तिसरीने स्विमिंग पूल दाखवायला नेलं.

लेकीला आम्ही आकडा सांगणाऱ्या शाळेत टाकलं. फुल. वय बारा, तिला विचारून. पहिल्या महिन्यात ती रडली, मी गाडीत रडलो, बायकोचं मत अजूनही वीकलीकडेच आहे आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या रविवारी चार वाजता फोन आला, मला आपलं त्या वेळेला उगाच पोटात गोळा येतो, तर तिला फक्त हॉकी स्टिकची ग्रिप कशी गुंडाळायची ते विचारायचं होतं, मागे दहा पोरी एकदम बोलत होत्या, नीट ऐकूही येत नव्हतं.

ज्यांना ठरवताच येत नाहीये त्यांनी वर्षभर वीकली करून बघायला हरकत नाही, बदलायचं झालं तर नवीन वर्षाला बदला, टर्मच्या मधे सहसा पलंग रिकामा नसतो. उलटं, फुलवरून वीकलीवर यायला शाळा फारशी अडवत नाही, पण मुलं स्वतःच येत नाहीत असं मी पाहिलंय. आणि वीकली घेतलंच तर फुटबॉलच्या बुटांचे दोन जोड घ्या, एक तिथे, एक घरी.