व्हॅक्यूम हब काढले, हाताने फिरवायचे बसवले

मिनेसोटातल्या डुलुथमध्ये आम्ही नऊ वर्षं राहतोय. लेक सुपीरिअरच्या काठावरून हे गाव सरळ डोंगरावर चढतं आणि आमचं घर वरच्या अंगाला आहे. हिवाळ्यात चारही चाकं ओढणारी गाडी हवीच, म्हणून 2003 सालची, तीन रांगांची, डिझेलवरची मोठी एसयूव्ही आम्ही जुन्यात घेतली. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे तिच्या पुढच्या चाकांतल्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या खेचावर, चालणाऱ्या हबबद्दल. हब म्हणजे चाकाला अॅक्सलशी (चाक फिरवणाऱ्या दांड्याशी) जोडणारा किंवा त्यापासून सोडवणारा भाग.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या कार्यक्रमाहून मिनिअॅपोलिसवरून परतत होतो. उणे 22 तापमान, मागे सासूबाई आणि दोन मुलं. घराच्या चढाला मी डॅशबोर्डवरचं बटण फोर-व्हीलवर फिरवलं. हिरवा दिवा लागला. मागची चाकं जागच्या जागी गरगरत होती, पुढची ढिम्म. गाडी मागे घसरायला लागली तेव्हा सासूबाईंनी मुलांना घट्ट धरलं, तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

दिवा लागूनही पुढची चाकं का ओढत नाहीत? आमच्या गाडीत तो दिवा फक्त ट्रान्स्फर केसचं, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडेही वळवणाऱ्या पेटीचं, सांगतो. ट्रान्स्फर केसने पुढच्या शाफ्टला जोर दिला की दिवा लागतो. तो जोर चाकापर्यंत नेणारं हब लागलं की नाही, हे त्याला कळायची सोयच नाही. हब लागतं ते पंपाने खेचलेल्या व्हॅक्यूमवर, आणि वाटेत कुठे हवा शिरली तर ते लागतच नाही.

अशा वेळेसाठी हबवर हाताने फिरवायची चकतीही असते, ऑटो आणि लॉक अशा दोन खुणांची. मी खाली उतरून डावी फिरवली. उजवी रस्त्यावरच्या मिठाने इतकी जाम झाली होती की पक्कड लावल्यावर तुटून हातात आली. एक तरी लागलं ना, असं तेव्हा वाटलं. पण पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा भाग) साधा असेल तर सगळा जोर मोकळ्या बाजूलाच निघून जातो, म्हणजे एक हब लागणं आणि एकही न लागणं सारखंच. शेवटी टोइंगवाल्याला बोलावलं.

गॅरेजवाल्यांनी दोन्ही हब नवीन घातले. महिन्याभरात पुन्हा तेच. मग नवऱ्याने हातपंप आणला, काट्याचा, आणि आम्ही स्वतः तपासलं. पंपाची नळी चाकामागे नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडून 15 इंच व्हॅक्यूम खेचला, तर काटा बघता बघता शून्यावर आला. नळी थेट हबमध्ये जात नाही, नकलमधून बेअरिंगच्या आतल्या पोकळीत जाते. ती पोकळी बाहेरून हबच्या ओ-रिंगने बंद होते आणि आतून अॅक्सलवरच्या सीलने. आमचं आतलं सील फाटलेलं होतं, बहुधा आधीच्या मालकाने अॅक्सलचा क्रॉस (वळणारा सांधा) बदलताना. अशा ठिकाणी नवीन हब घालून काय होणार!

एक लक्षण मी आधीच ओळखायला हवं होतं. हीटरची झडपसुद्धा त्याच व्हॅक्यूमवर चालते. त्या हिवाळ्यात गरम हवा पायाशी यायची बंद होऊन नुसती काचेवर येत होती. तुमच्या जुन्या डिझेल गाडीत असं झालं तर हीटर उघडण्याआधी हबच्या नळ्या बघा.

सील बदलता आलं असतं, पण त्या व्यवस्थेवरचा माझा विश्वास उडाला होता. आम्ही वॉर्नचे हाताने फिरवायचे हब घेतले, जोडीला साधारण 350 डॉलर. 1948 साली युद्धातून उरलेल्या जीप रोजच्या रस्त्यावर वापरता याव्यात म्हणून हब बनवण्यापासूनच या कंपनीची सुरुवात झाली. बसवायला दोघांना एक दुपार लागली: सर्क्लिप (हब धरून ठेवणारी कडी) काढायची, जुनं हब ओढायचं, गंज साफ करायचा, ओ-रिंगला ग्रीस लावून नवीन आत ढकलायचं. व्हॅक्यूमची नळी मात्र टोपण घालून नीट बंद करा, नाहीतर हीटरचं दुखणं तसंच राहतं.

दोन हिवाळे झाले, एकदाही दगा नाही. थंडी सुरू झाली की दोन्ही हब लॉक करते आणि एप्रिलपर्यंत तशीच ठेवते. कोरड्या रस्त्यावर बटण टू-व्हीलवर ठेवलं की झालं; डिझेल थोडं जास्त जातं, ते मी आनंदाने देते. उतरून फिरवायचा कंटाळा असेल किंवा गुडघे दुखत असतील तर मात्र हे हब घेऊ नका. माझ्या नणंदेला मी हेच सांगितलं.

तिची गाडी वेगळ्या पद्धतीची आहे, पेट्रोलवरची. तिच्यात व्हॅक्यूम हा हबला सोडवून ठेवतो आणि व्हॅक्यूम गेला की एक स्प्रिंग हबला लावते. त्यामुळे बर्फात ती अडकत नाही, पण झडप गळकी असली की चढावर अॅक्सिलरेटर दाबताना पुढच्या चाकातून हबमधले दाते घासल्याचा कर्कश आवाज येतो. तो आवाज आला की तशीच चालवत राहू नका, दाते झिजतात.

जुनी गाडी घेणार असाल तर पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, इंजिन चालू ठेवून फोर-व्हील लावा, मिनिटभर थांबा, इंजिन बंद करा आणि चाकामागचा अॅक्सल बघत प्रत्येक चाक हाताने हलवा. अॅक्सल चाकासोबत हलला तर हब लागलंय. विकणारा दिवा दाखवेल, तुम्ही खाली वाकून अॅक्सलच बघा.